चिखल्यांवरची खळ

आप्पा,

परवा मिरजेला एका औषधाच्या दुकानात उभी होते. माझ्यापुढच्या गिऱ्हाइकानं नुसतं पायाच्या बोटांकडं खुणावलं, आणि दुकानदारानं मागं न बघता फळीवरून एक नळी काढून त्याच्यापुढं टाकली. "चिखल्यांना ना? हे लावा. नवीन निघालंय. तेलकट नाही, डाग पडत नाही, काचेसारखं आहे बघा." गिऱ्हाइकानं बोटावर थेंबभर घेतलं आणि मी सगळी सभ्यता सोडून मान पुढं काढून वास घेतला. कसलाच वास नव्हता. नवीन निघालंय म्हणे. मला हसू आलं, तर दुकानदाराला वाटलं मी त्या माणसाच्या पायाला हसले. हल्ली माझ्या हसण्याचा लोक धसकाच घेतात. साप्ताहिकातून दर आठवड्याला कुणाची ना कुणाची टोपी उडवणाऱ्या बाईनं चारचौघांत हसू नये, ज्याला त्याला आपलीच टोपी चाचपून बघावीशी वाटते. एक नळी मीही घेतली. घरी येऊन ती टेबलावर ठेवली, आणि तिच्याकडं बघत हे लिहायला बसले.

लढाईच्या दिवसांतलं आपलं सांगलीचं दुकान. पुढं बाटल्या, मागं राहतं घर, आणि मधे एक पडदा. आई त्याला सरहद्द म्हणायची, कारण तो ओलांडून तुम्ही रोज तिच्या एखाद्या पातेल्यावर चाल करून यायचात. तुम्ही मिरजेला दवाखान्यात कंपाउंडरकी केलेली, त्यामुळं डॉक्टर लोक तुम्हाला कंपाउंडर म्हणायचे आणि खेड्यातली माणसं डाक्तर म्हणायची. तुम्हाला दोन्हींचा सारखाच राग यायचा. मी मॅट्रिक होऊन बसलेली. लग्न ठरेपर्यंत हिच्या जिभेला काहीतरी काम द्या, असं आईनं सुचवलं आणि तुम्ही माझ्या हातात खलबत्ता दिला. दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक कृष्णाकाठच्या उसातलं आणि हळदीतलं. मोटेचं पाणी पाटानं येतं, एक सरी भरली की तिचं दारं मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. दारं धरणारा माणूस दिवसभर अनवाणी चिखलात उभा. त्याच्या पायाच्या बेचक्या पांढऱ्याफटक व्हायच्या, चिरायच्या, वास मारायचा. कुणी हळद-तेल भरायचं, कुणी बैलाच्या खुराला लावायचं डांबर. गोऱ्या कंपनीचं मलम लढाईमुळं मिळेनासं झालं होतं, आणि मिळत होतं तेव्हाही तुम्ही त्याला शिव्याच घालायचात. "ओल्या पायावर तूप चोपडायचं! आत ओल कोंडते. बुरशीला घर बांधून दिल्यासारखं आहे." एकदा समोरचा शेतकरी म्हणाला, "बुरशी म्हंजी आप्पा? भाकरीवर येती ती?" तुम्ही म्हणालात, "तिचीच भावंडं." तो बिचारा पायाकडं असा बघत घरी गेला, की आठवडाभर त्यानं भाकरी नीट खाल्ली नसेल.

चरबी नको, व्हॅसलीन नको, तेल नको. औषध पाण्यातच बसलं पाहिजे आणि तरी वाहून जाता कामा नये, हा तुमचा हट्ट. पहिला बळी आईचा धावड्याचा डिंक. "बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक पायाला फासताय," आई म्हणाली, "उद्या सुंठ मागाल." त्याचं नुसतं चिकट पाणी झालं, त्यावर माशा बसल्या. मग साबुदाण्याची खळ झाली. तिच्यावर आठवड्याच्या आत हिरवी लव उगवली. बुरशीच्या औषधाला बुरशी लागली, हे तुम्ही आईपासून लपवायला गेलात आणि ते भांडं घासायला नेमकं तिच्याच हातात गेलं. त्या दिवशी तिनं तुम्हाला साबुदाण्याची खिचडी वाढली. पुढं कवठे महांकाळच्या अंगाचा एक धनगर गुडघ्याचं तेल न्यायला आला, त्यानं पोट साफ व्हायला चांगला म्हणून फडक्यात बांधून माळावरच्या झाडाचा डिंक भेट दिला. तुमचं पोट साफ झालं की नाही कोण जाणे, पण रात्रभर पाण्यात राहिलेला खडा सकाळी फुगून वाटीबाहेर आलेला बघून तुम्ही धोतराचा सोगा सावरत आईला हाका मारत सुटलात. तो विरघळत नव्हता, फुगत होता, म्हणजे पाण्यातही जागचा हलणार नव्हता. त्याला व्हिनिगरसारखा आंबूस वास होता. बुरशी मारायला त्यात दोन आम्लं लागायची. सॅलिसिलिकची लढाईच्या आधीची एक बरणी आपल्याकडं शिल्लक होती, पण बेंझोइक संपलेलं. तर तुम्ही ऊद आणून आईच्या चुलीवर तव्यात ठेवलात आणि वर कागदाचं टोपडं. कागदाच्या आतून बर्फासारख्या सुया चढल्या. तेच ते आम्ल. घरात शिरणारा प्रत्येकजण त्या दिवसांत विचारायचा, आज काय, उरूस आहे का?

माझी चूक तुम्ही जन्मभर विसरला नाहीत म्हणून मीही विसरलेले नाही. तुम्ही सांगितलं होतं, "आधी स्पिरिट. डिंकाची पूड त्यात भिजव. मग पाणी. घोट घोट नाही, एकदम. हात थांबला की गुठळी." मी पाणी आधी घातलं. बेडकाच्या अंड्यांसारख्या गुठळ्या झाल्या. तुम्ही भांड्यात डोकावून म्हणालात, "पिठलं छान झालंय. पण मी औषध मागितलं होतं." आणि मग न हसता, "लिहिता-वाचता येणाऱ्या माणसानं सांगितलेला क्रम उलटा केला, की त्याला चूक म्हणत नाहीत. आगाऊपणा म्हणतात." त्यानंतर ज्या दिवशी माझ्या हातून पहिली बिनगुठळीची खळ झाली, त्या दिवशी तुम्ही मिरजेच्या दवाखान्यापासून सांभाळलेली स्वतःची काचेची कांडी पुसून माझ्यापुढं ठेवलीत. शाबासकी दिली नाहीत. कांडी दिलीत. मी आजवर लोकांची एवढी टिंगल केली, एवढी बक्षिसं पण मिळाली. त्यांतलं एकही ढवळायच्या कामाचं नाही.

खळ झाली, पण पाय काही बरे होईनात. लोक डबी भरभरून न्यायचे, महिन्यानं तसेच चिरलेले पाय घेऊन यायचे. यांत नदीपलीकडच्या गावातल्या एका विधवा बाईचा एकुलता एक मुलगा होता. माझ्याच वयाचा, उंच, हसताना तोंडावर हात धरायचा. सगळ्यांत जास्त घाई त्याला. सातारला भरतीला जाऊन आला होता आणि पायांवरून परत पाठवला गेला होता. "साहेब म्हनला, पाय सडल्यात, बूट कशात घालनार? बरं करून ये. आप्पा, काय बी करा, पाय बरं करा." शेवटी एका रविवारी आपण दोघं त्याच्या घरी गेलो, लोक औषध लावतात तरी कसं ते बघायला. तो शेतातून आला. अंगणात दगडावर बसून पाय घासून धुतले, पुसले, बेचक्यांत बोट घालून इतकी सुरेख खळ लावली, की तुमचा चेहरा उजळला. एवढ्यात आतून हाक आली, "ये रं, भाकरी थंड हुतीया." तो उठला, दारातला तांब्या उचलला, दोन्ही पायांवर पाणी ओतलं आणि आत गेला.

तुम्ही ओरडलातच. "अरे! औषध धुतलंस की!"

"मग? तसंच आत येऊ व्हय? आई मुसळ घालंल डोक्यात."

त्याची आई बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. "आवं आप्पा, पाय धुतल्याबिगर उंबऱ्याच्या आत कोन येतंय? तुमी तरी येताय का?" तुम्ही खाली बघितलंत. तुमचे पाय ओले होते. आपण आल्या आल्या तिनंच तांब्या दिला होता. अख्ख्या पंचक्रोशीत तुमचं औषध रोज संध्याकाळी असं उंबऱ्यावर वाहून जात होतं, आणि तुम्ही डिंकाला दोष देत होतात.

मग तुम्ही नेम घालून दिलात: पाय धुऊन घरात या, जेवा, चुलीची कोमट राख बेचक्यांत घालून कोरडं करा, झाडा, मग खळ लावा, त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः लावायला म्हणून त्याचा पाय हातात घेतलात तर त्यानं विंचू चावल्यासारखा ओढून घेतला. "आप्पा, नगा! वडीलधारं मानूस, पायाला हात लावताय. पाप लागंल मला." तुम्ही म्हणालात, "पाप मी घेतो. पाय दे इकडं." तुम्ही स्वतः कुणाला पायावर डोकं ठेवू द्यायचा नाहीत, आप्पा. मी दिवाळीला वाकले तरी दोन पावलं मागं सरून म्हणायचात, उगाच कंबर लचकेल. आणि त्या दिवशी मात्र एका पोराचा घाणेरडा पाय मांडीवर घेऊन एकेक बोट उघडत बसला होतात. तुम्हाला तसं निवांत बसलेलं मी फार थोड्या वेळा बघितलं.

पाय बरा होत चालला. चिरा मिटल्या, खालून गुलाबी कातडी आली. तेव्हा ती बाई एकटी दुकानात आली. बराच वेळ बरण्या बघत उभी राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "आप्पा, याक इच्यारू? राग न्हाई न्हवं?"

"विचारा की."

"त्ये औषद वाईच पातळ करून द्या."

"पातळ? कशाला?"

"पाय बरं झालं की त्यो जातोय. माझ्या दिराचं पोरगं गेलंय, त्येचा पत्त्या न्हाई. ह्यो एकला हाय मला. त्या चिखल्या मला नवस न बोलता मिळाल्यात बगा. र्‍हाऊ द्या की, आप्पा. पाऊस सरस्तवर तरी र्‍हाऊ द्या."

"पातळ करून देणं म्हणजे खोटं औषध देणं. ते मला जमायचं नाही."

"खोटं न्हवं वो. पातळ."

तुम्ही चष्मा काढलात. "बाई, माझं काम पायापुरतं. बरा झालेला पाय कुठं जातो, ते मी विचारायचं नसतं." तिनं मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, दुकान बंद झाल्यासारखी, आणि गेली. मी पडद्याआडून बाहेर आले. म्हटलं, आप्पा, थोडं पाणी घातलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, "गुठळी झाली असती."

सातारला तुम्ही त्याच्याबरोबर गेलात. असं कुठला औषधवाला करतो? तिथल्या लष्करी डॉक्टरनं त्याची बोटं फाकवून बघितली, पास केला, आणि विचारलं, काय लावलंस? पोरानं तुमच्याकडं बोट दाखवलं. तो डॉक्टर तुमच्याशी इंग्रजीत बोलला, तुम्हाला खुर्ची दिली, पायांवरून अडकलेल्या बाकीच्या पोरांसाठी डबे मागितले. तुम्ही परत आलात ते सातारचे कंदी पेढे घेऊन, आणि कराडच्या थांब्यावर मोटारीत शेजारी बसलेल्या माणसाचेही पाय कसे बघितलेत ते हातवारे करून सांगत. आई म्हणाली, मोटारीतून ढकललं नाही हे नशीब. त्यातले पेढे त्या बाईकडं द्यायला मला पाठवलंत. तिनं पुडा घेतला, बघितला, आणि दावणीच्या गाईला एकेक करून चारला. "ग्वाड हायेत," ती म्हणाली. चाखला एकही नव्हता. तुम्हाला मी सांगितलं, पोचते केले.

ब्रह्मदेशाच्या वाटेवरून त्याचं कार्ड आलं, ते तुमच्याच नावानं. "औषद लय चालतंय. बूट काडला की समदी पोरं माज्याफुडं रांग लावत्यात. आनि धाडा." तुम्ही ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलंत. मला पाठ झालं. आपण अख्खा डबा भरून खळ पाठवली. मी ढवळली होती ती.

तार घेऊन ती भर दुपारी आली. गावात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून नदी ओलांडून थेट तुमच्याकडं. पदराच्या गाठीतून काढून तिनं ती फळीवर ठेवली. तुम्ही वाचता आहात. दुकानात दोन गिऱ्हाइकं आहेत, एकाच्या हातात खोकल्याची बाटली. तुम्ही तार घडी करता, पुन्हा उघडता, पुन्हा घडी करता.

"बसा," तुम्ही म्हणता.

"बसत न्हाई. मोट चालू ठिवून आलीया. काय म्हनतोय?"

तुम्ही सांगितलंत. कुठल्या शब्दांत सांगितलंत ते मला आठवत नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला नेमके तेवढेच आठवत नाहीत. तुमचा फळीवर पालथा पडलेला हात आठवतो. ती रडली नाही. बाटलीवाला गिऱ्हाईक पायऱ्या उतरून गेला. मग तिनं विचारलं, "पाय तरी बरं हुतं न्हवं त्येचं?"

तुम्ही म्हणालात, "हो."

"मग चालतच गेला असंल," ती म्हणाली. "लय चालावं लागतंय म्हनं तकडं." तार परत गाठीला बांधली आणि मोटेकडं गेली.

त्यानंतर खळ झाली नाही. सातारहून डबे न्यायला माणूस आला, तेव्हा तुम्ही सांगितलंत, डिंक मिळत नाही. सांगताना डिंकाच्या पोत्यावरच बसला होतात. मग एक दिवस तुम्ही धोतर गुडघ्याच्या वर खोचून नदीपलीकडं गेलात. मी मागोमाग आले होते, तुम्हाला माहीत नव्हतं. ती उसात एकटी दारं धरत होती. मोटेवर चुलतदीर होता. "तुमी? हितं कशाला?" "दारं धरतो." "येतंय तुमास्नी?" "नाही." तिनं तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग उबं र्‍हावा तितं. म्या सांगीन तवा फोडा." तुम्ही भलत्या वेळी फोडलंत, पाणी शेजाऱ्याच्या हळदीत गेलं. ती कडाडली, "आप्पा! बाटलीचं बूच हाय का त्ये?" असं सुरू झालं आणि लढाई संपली, स्वराज्य आलं तरी थांबलं नाही. पाण्याची पाळी असेल त्या दिवशी तुम्ही जायचात, ती तुम्हाला शिव्या घालायची, तुम्ही ऐकून यायचात. मुलाविषयी तुम्ही दोघं कधी बोललात की नाही, मला ठाऊक नाही. मला वाटतं, नाही.

चिखल्या तुम्हालाही होणारच होत्या. त्यात तुमची साखर. आई राख घेऊन मागं लागायची, तुम्ही म्हणायचात, उद्या. बेचकीतली चीर वर सरकली, करंगळी काळी पडली, पाय सुजला. मिरजेच्या डॉक्टरांनी घोट्यावरून कापायला सांगितलं. तुम्ही नको म्हणालात. मी म्हटलं, आप्पा, मी खळ करते. तुम्ही भिंतीकडं बघत म्हणालात, "पाप मी घेतो म्हणालो होतो." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. मला! आज सुचतंय, तर ऐकून घ्या. तिनं तुमच्याकडं पाप घ्यायला मागितलं नव्हतं. तुमचा पायही मागितला नव्हता. तिनं फक्त औषध पातळ मागितलं होतं. त्याऐवजी तुम्ही तिला एक दारं धरणारा दिलात, तोही बिनकामाचा, आणि आम्हाला हे तापानं फणफणलेलं माणूस. हिशेब कुणाचाच जुळला नाही, आणि तुम्ही मात्र क्रम चुकला नाही अशा थाटात गेलात.

तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. आंघोळ घालून झाली होती. लोक एकेक करून पायावर डोकं ठेवत होते, आणि आता तुम्हाला मागं सरता येत नव्हतं. माझी पाळी आली. मी वाकले, आणि लुगड्याच्या ओच्यातून डबी आणि राखेची पुडी काढली. डोकं ठेवल्यासारखं करून एकेक बोट उघडलं, राखेनं कोरडं केलं, आणि बेचक्यांत खळ भरली. काळ्या करंगळीपाशीसुद्धा. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या मागं नदीपलीकडची ती बाई होती. तिनं पायांना हात लावला आणि तिची बोटं तिथंच थांबली. हात नाकाशी नेला. ऊद आणि आंबूस वास. तिनं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात एकजण पुन्हा पाणी घालायला तांब्या घेऊन पायांशी आला. ती त्याच्या आणि तुमच्या मधे उभी राहिली.

"र्‍हाऊ दे, बाबा," ती म्हणाली. "आता पाय धुऊ नगंस."

हे पत्र मी त्या नळीच्या खोक्यात घालून ठेवणार आहे. तुमच्याकडं पोचवणारं टपाल असतं तर त्यावरही मी चार ओळी खरडल्या असत्या. एकच गोष्ट राहिली. त्या सकाळी आई आत रडत होती, सगळे मला शोधत होते, आणि मी पडद्याच्या पुढं, दुकानात, तुमची कांडी घेऊन बसले होते. पोत्याच्या तळाचा डिंक कुटला. आधी स्पिरिट, मग पाणी, एकदम. रडायला मी त्यानंतर उठले. आधी भांडं उजेडात धरून बघितलं. गुठळी एकही नव्हती.